पास असलेल्यांनीच प्लॉटवरून जावे

बॅटरीकाकांचा प्लॉट म्हणजे कोपऱ्यावरची रिकामी जागा. अठ्ठावीस वर्षांत तिच्यावर काही उगवलं असेल तर ते गवत, आणि काही बांधलं गेलं असेल तर ते काकांच्या मनातले इमले.

प्लॉटच्या एका अंगाला घरांची गल्ली, दुसऱ्या अंगाला मोठा रस्ता आणि बसथांबा. रस्त्याने वळसा घालून गेलं तर सात मिनिटं लागत, प्लॉटवरून तिरकं गेलं तर दोन. माणूस पाच मिनिटं वाचवण्यासाठी काहीही करतो आणि वाचलेली पाच मिनिटं बसथांब्यावर उभं राहून घालवतो. त्यामुळे गवतातून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक पायवाट पडली होती, डोक्यावर तेल लावून भांग पाडावा तशी सरळ.

काका थिएटरात डोअरकीपर होते. अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली आणि मूळ नाव त्या अंधारातच कुठेतरी पडलं. थिएटर बंद झालं तेव्हा मालकाने निरोप देताना त्यांना न खपलेल्या तिकिटांची दोन पोती दिली. त्याच साली काकांनी हा प्लॉट घेतला. पहिल्याच आठवड्यात त्यांना दिसलं की त्यांच्या जागेवरून माणसं बिनदिक्कत, बिनतिकिटाची जात आहेत. दुसऱ्या एखाद्याने कुंपण घातलं असतं. काकांनी टेबल टाकलं.

तेव्हापासून दर वर्षीच्या पहिल्या रविवारी काका प्लॉटच्या तोंडाशी टेबलखुर्ची, वही आणि शाईचा पॅड घेऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पास देत. जुन्या तिकिटाची मागची कोरी बाजू, तिच्यावर त्यांचं टपोरं अक्षर: ‘धारकास माझ्या प्लॉटवरून माझ्या मर्जीने चालत जाण्याची परवानगी. मर्जी केव्हाही काढून घेतली जाईल. सायकल हातात धरावी. हुज्जत घालू नये.’ खाली वर्ष, सही, शिक्का. वहीतही दर वर्षी हाच मजकूर, त्याखाली काकांची आणि घेणाऱ्यांची सही. पैसे घेत नसत. वयस्कर माणसांना बाल्कनीचं तिकीट, तरुणांना स्टॉलचं. वाट एकच होती, पण बाल्कनीवाले जरा मान वर करून चालत.

लोक हसत, पण पास घेत. फुकट मिळालेली वस्तू परत करण्याची ताकद थोड्यांतच असते.

हसत नसे ती एकटी त्यांची मुलगी. गल्लीत तिला सगळे ताई म्हणत, तेव्हा आपणही ताईच म्हणू. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. गिऱ्हाईक चष्मा डोळ्यांवर चढवायचं, आरशात बघायचं आणि म्हणायचं, “तुम्ही बॅटरीकाकांच्या ना? माझा पास हरवलाय, दुसरा मिळेल का?” ताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पण धरणी प्लॉटची, आणि प्लॉट बाबांचा. तिथे जायलाही पास लागला असता.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. धाकट्या भावाने परगावाहून येऊन हक्कसोडपत्रावर सही केली, प्लॉट ताईच्या नावावर झाला, आणि टेबल माळ्यावर गेलं. लोक पासशिवाय चालू लागले. जग बुडालं नाही.

मग मास्तर पडले. मास्तर म्हणजे ताईचा नवरा, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, “यशस्वी!” आणि मास्तरांना चार माणसांनी खुर्चीत घालून तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. खाली यायला बावन्न पायऱ्या. एकदा त्यांनी काठी घेऊन जिद्दीने नऊ उतरून पाहिल्या. परत चढवायला दोन शेजारी आणि अख्खी दुपार लागली. त्याला आता आठ महिने झाले. मास्तर दिवसभर गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची चित्रं काढत. वरून काढलेली असल्यामुळे त्यांच्या वहीत फक्त डोकी होती. गल्लीतल्या प्रत्येकाला टक्कल कुठून पडायला लागलंय, हे त्या माणसाच्या आधी मास्तरांना कळायचं.

“आज काय पाहिलंत?” ताई संध्याकाळी विचारायची.

“टाळू,” मास्तर म्हणायचे. पूर्वी हसून म्हणायचे. अलीकडे नुसतंच म्हणत.

मागच्या गल्लीतल्या नर्सबाई आपली तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा विकून बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. पुढे एकच पायरी, तीही बुटकी. “ताई, तुमच्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबते,” त्या म्हणाल्या. “पुढे नाही हं. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे.” प्लॉट विकला तर ती जागा घेता येणार होती. नाहीतर मास्तर होते आणि टाळू होत्या.

प्लॉटला गिऱ्हाईक मिळालं ते दातांच्या डॉक्टरांचं. त्यांना तिथे दवाखाना बांधायचा होता. शांत, हळुवार माणूस; भाव सांगितल्यावरसुद्धा “दुखतंय का?” असं विचारल्यासारखा चेहरा करायचा. पण त्यांनी आणलेल्या वकीलबाई तशा नव्हत्या. त्या चहाचा कपसुद्धा आधी उलटा करून तळ बघतील अशी त्यांची ख्याती होती.

वकीलबाईंनी कागद तपासायला घेतले. काकांच्या आधी मालक कोण, त्याच्या आधी कोण, त्याला कुणी विकला, तेव्हा त्याच्या बहिणीने सही केली होती का. असं करत त्या तीन पिढ्या मागे गेल्या. आणखी मागे गेल्या असत्या तर पृथ्वीच्या जन्माचा दाखला मागितला असता. भावाचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे? आहे. कर भरलाय? भरलाय. जागा गहाण? नाही. मोजणी? मोजणीदाराने साखळी ओढून चारही कोपऱ्यांचे दगड गवतातून उकरून दाखवले. बांधकामाला परवानगी असलेला भाग? आहे. ताईच्या मानेवरचं ओझं एकेक शेर कमी होत गेलं.

“छान,” वकीलबाई म्हणाल्या. “आता जागा बघू.”

प्लॉटवर पोचताच त्या थांबल्या. “ही वाट कसली?”

“कुठली वाट?” ताई म्हणाली.

तेवढ्यात एक गृहस्थ त्या न दिसणाऱ्या वाटेवरून हातातली सायकल ढकलत आले, “काय ताई, बरंय ना?” म्हणाले आणि गेले.

“ही,” वकीलबाई म्हणाल्या. “किती वर्षांपासून जातात लोक?”

“जातात आपले अधूनमधून...”

“ताई, मी अधूनमधून नाही विचारलं.”

“अठ्ठावीस,” ताई म्हणाली.

वकीलबाईंनी डोळे मिटले. मग डॉक्टरांकडे वळून त्या सावकाश बोलल्या, म्हणजे ताईलाही कळेल. “लोक वीस वर्षं सलग, उघडपणे, आपलीच वाट असल्यासारखे जात असतील तर त्यांचा वहिवाटीचा हक्क होऊन बसतो. मग जागा तुमची, पण वाट त्यांची. वाटेवर भिंत घालता येणार नाही. आणि ही वाट जाते बरोबर मधून, तिरकी. दोन्ही बाजूंना उरतो समोसा.”

“एका समोशात खुर्ची बसेल,” डॉक्टर हळूच म्हणाले, “पण पेशंटचे पाय दुसऱ्या समोशात जातील.”

वकीलबाईंनी शनिवार दिला. तोवर या वाटेबद्दल जे काही लेखी असेल ते ताईने आणायचं होतं. शनिवारी त्या स्वतः येऊन वाटेवरच्या लोकांना विचारणार होत्या आणि मग विसार द्यायचा की नाही ते ठरवणार होत्या.

ताई घरी आली ती पांढरीफटक. लेखी! लेखी तर सव्वीस वर्षांचं होतं. तारखेनिशी, सहीनिशी, शिक्क्यानिशी. लोक इतकी वर्षं या वाटेने जातात, याचा पुरावा शत्रूनेसुद्धा इतका नीट जमवला नसता, तो खुद्द बापाने जमवून ठेवला होता. आणि वर त्यात ‘परवानगी’ असा शब्द! मालकाने स्वतः होय म्हटलंय म्हटल्यावर कुठलं कोर्ट नाही म्हणणार?

“हे पास बाहेर आले तर आपण मेलो,” ती मास्तरांना म्हणाली.

“मग आणू नकोस बाहेर,” मास्तर म्हणाले. “पण विचारलं तर खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही. तुझे कान लाल होतात.”

दुसऱ्या दिवसापासून ताई दुकान सुटल्यावर घरोघर जाऊ लागली. “बाबांची आठवण म्हणून पास जमवतेय,” ती सांगायची. कुणी पाकिटातून काढून दिला, कुणी आरशामागून. एकाने विचारलं, “प्रदर्शन भरवताय का?” एका बाईने दिला आणि डोळे पुसत म्हणाली, “मी लग्न होऊन आले तेव्हा या गावात मला पहिला कागद मिळाला तो हा. रेशनकार्ड नंतर आलं.” ताईला जिना उतरताना स्वतःचीच लाज वाटली. तीन दिवसांत एकतीस पास जमले. ते आणि माळ्यावरची वही एका पिशवीत घालून तिने मास्तरांच्या गादीखाली सरकवली. कंबरेचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पुराव्यावर झोपवण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

दुकानात तिने एका गृहस्थांची डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. ते घालून गेले आणि खूप छान दिसतंय म्हणाले, हे वेगळं.

एकच पास उरला होता. तो शिलाईमावशींकडे. मावशी कोपऱ्यावर मशीन टाकून कपड्यांना ठिगळं लावत आणि माणसांची उसवत.

“द्या ना मावशी, आठवण म्हणून.”

“आठवण तुला हवी तशी मलाही हवी. का, बाप तुझा एकटीचा होता का?”

“मावशी, तो माझाच बाप होता!”

“असेल. पास माझा आहे,” मावशी म्हणाल्या आणि दोरा दाताने तोडला. “शेवटच्या वर्षी त्यांनी मला पाच वर्षांचा दिलाय. बाल्कनीचा. म्हणाले, दरवर्षी टेबल मांडायला जमेलसं वाटत नाही. अजून तीन वर्षं मुदत आहे. मुदतीआधी पास परत करायला मी काय खुळी आहे?”

शनिवारी सकाळी वकीलबाई छत्री, फाइल आणि डॉक्टर यांच्यासह प्लॉटवर हजर झाल्या. ताईही होती. मनातल्या मनात ती एकच गोष्ट घोकत होती: मावशी आज रस्त्याने जाऊ देत.

मावशी प्लॉटवरून आल्या. डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, चाल बाल्कनीची.

“बाई, जरा थांबा,” वकीलबाई म्हणाल्या. “तुम्ही या जागेवरून कोणाच्या हक्काने जाता?”

आयुष्यात मावशींना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी गाठोडं खाली आपटलं. “का हो? चोरून जाते की काय मी? बिनपासाची वाटले तुम्हाला? हा घ्या!” आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये शिवलेलं गुलाबी तिकीट काढून वकीलबाईंच्या नाकासमोर धरलं. “नीट बघा. शिक्का आहे.”

ताईने डोळे मिटून घेतले. तळमजल्याचं ते बुटक्या पायरीचं दार कुणीतरी आतून लावून घेतल्यासारखं तिला वाटलं.

वकीलबाईंनी पास वाचला. उलटा केला. पुन्हा वाचला, या वेळी मोठ्याने. “‘माझ्या मर्जीने... मर्जी केव्हाही काढून घेतली जाईल...’ हे कुणी लिहिलं?”

“माझ्या वडिलांनी,” ताई म्हणाली. “पण वकीलबाई, ते डोअरकीपर होते हो, त्यांना कायद्यातलं काही...”

“असे किती आहेत?”

‘एवढाच’ म्हणायला दोन सेकंद होते. ताईने ते दोन्ही सेकंद वापरले. कान तापले.

“आणखी एकतीस,” ती म्हणाली. “शिवाय एक वही. सव्वीस वर्षांच्या सह्यांची. मी लपवून ठेवलीय.”

“कुठे?”

“नवऱ्याच्या खाली.”

वकीलबाई कोपऱ्याच्या दगडावर बसल्या आणि हसायला लागल्या. त्या हसतात हे कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टर दचकले, पण तेवढ्यात सवयीने त्यांनी पाहून घेतलं की वरची एक दाढ भरायला झाली आहे.

“अहो ताई,” वकीलबाई डोळे पुसत म्हणाल्या, “हक्क कुणाचा होतो? जो कुणाला न विचारता, आपलीच वाट म्हणून चालतो त्याचा. जो विचारून चालतो तो पाहुणा. पाहुणा वीस वर्षं जेवला म्हणून घराचा मालक होतो का? तुमच्या वडिलांनी या अख्ख्या गल्लीला सव्वीस वर्षं पाहुणा करून ठेवलंय. लेखी! सहीनिशी! मी अर्ध्या आयुष्यात असा कागद पाहिला नाही. आणि तुम्ही तो गादीखाली?”

“पण ते जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून कुणी पास देत नाही.”

“मग मोजायची तर ती दोनच वर्षं. वीसला अठरा कमी. कुणी वकिलाने सांगितलं होतं का त्यांना?”

“नाही. त्यांना बिनतिकिटाचा माणूस बघवायचा नाही, एवढंच.”

ताई गवतात बसली. तिला हसू येत होतं की रडू, ते ठरेना; शेवटी दोन्ही एकदम आलं आणि नाकातून निघालं. मावशींनी गाठोड्यातून कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला रुमाल काढून दिला. “पूस. धुऊन देईन त्याला. आणि पोरी, आठवण म्हणून जमवतेय म्हणालीस ना मला? थापाडी!”

मग सगळी वरात बावन्न पायऱ्या चढून वर गेली. मास्तरांना अलगद कुशीवर वळवण्यात आलं. डॉक्टरांनी खांदा धरला आणि “दुखतंय का?” असं विचारलं, या वेळी ते योग्य जागी शोभून दिसलं.

“माझ्याखाली काहीतरी टोचतंय, असं मी चार दिवस सांगत होतो,” मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “हिला वाटलं हाड.”

वकीलबाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत चाळली. एका वर्षाशी अडखळल्या. “इथलं अक्षर वेगळं आहे.”

ताईने वाकून बघितलं. त्या वर्षी बाबा तापाने अंथरुणाला खिळले होते आणि टेबल त्यांच्या खाटेशीच लागलं होतं. ते पडल्या पडल्या सांगत होते आणि ती दात-ओठ खात लिहीत होती. खाली सही मात्र त्यांनी उठून बसून स्वतः केलेली. ‘हुज्जत घालू नये’ हे शब्द त्या वर्षी तिने जरा जास्तच जोर देऊन लिहिले होते. ती पानावरून बोट फिरवत राहिली. नंतर तिने वही मिटली नाही, वकीलबाईंनी मिटली.

पुढे कामं उरली ती नुसती चालण्याची आणि सह्यांची. ताई पुन्हा घरोघर गेली, या वेळी खरं सांगत. आम्ही परवानगीनेच जात होतो, ती परवानगी आता संपली, असं लोकांनी लिहून द्यायचं होतं. बहुतेकांनी दिलं. कुरकुर झाली ती पाच मिनिटांबद्दल. डॉक्टर म्हणाले, “नकाशा मंजूर व्हायला वर्षभर तरी जाईल. तोवर माझ्या परवानगीने चाला.” वकीलबाई गर्रकन वळल्या. “लेखी द्या,” त्या म्हणाल्या.

मावशींनी मात्र सही करायला ठाम नकार दिला. “मेल्या माणसाचा शब्द संपला म्हणून मी लिहून देऊ?”

“मावशी, कायद्याने परवानगी देणाऱ्याबरोबर जाते,” वकीलबाई म्हणाल्या.

“तुमचा कायदा जात असेल. मी नाही जात.” शेवटी मावशींनी स्वतःच्या हाताने एकच ओळ लिहून दिली: ‘मी बॅटरीकाकांना विचारून जात होते.’ वकीलबाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, “मला यापेक्षा चांगलं लिहिता आलं नसतं.” मावशींनी ते मान्य केलं.

महिना संपायला चार दिवस असताना नोंदणी कार्यालयात खरेदीखत झालं. साक्षीदार, फोटो, अंगठे. कारकुनाने ताईला “कॅमेऱ्याकडे बघा” म्हणून सांगितलं आणि फोटोत ती अशी काही हसली की कारकून म्हणाला, “बाई, लोक विकताना रडतात, तुम्ही जरा गंभीर व्हा.” दुसऱ्यांदा काढला. तोही तसाच आला. त्याच टेबलावर, शाई वाळायच्या आत, नर्सबाईंच्या जागेचंही खत झालं; तिचे कागद वकीलबाईंनीच बघून दिले होते, कप उलटा करून.

मास्तरांना चार माणसांनी पुन्हा खुर्चीत घालून खाली आणलं. वाटेत प्रत्येक मजल्यावर ते थांबायला सांगून बिऱ्हाडकरूंशी बोलले, कारण यांतल्या कुणाचे चेहरे त्यांनी आठ महिन्यांत पाहिले नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ते म्हणाले, “अरे वा, तुम्हाला नाक पण आहे!” उचलणारे मात्र घामाघूम होऊन म्हणत होते, “मास्तर, नाकं नंतर.”

नव्या जागेत गेल्याला आठवडा झाला असेल. ताई दुकानातून परत आली. हातात भाजीची पिशवी होती. तिने दार ढकललं. कुलूप. तिने बेल वाजवली, मग ती का वाजवली याचं तिलाच नवल वाटलं, कारण कुलूप बाहेरून होतं.

तिने शेजारी विचारलं.

“मास्तर? ते मघाशीच गेले की काठी टेकत. दाढी करायला जातो म्हणाले, आणि मग जरा बसथांब्यापर्यंत. त्यालाही तास होऊन गेला.”

“किल्ली ठेवली का तुमच्याकडे?”

“नाही हो. खिशात घालून गेले.”

आठ महिन्यांत ताईकडे घराची किल्ली कधी नव्हतीच; घरात माणूस कायमच असायचा. ती त्या बुटक्या पायरीवर बसली. भाजीची पिशवी शेजारी ठेवली. पाय दुखत होते, पोटात भूक होती, घरात जाता येत नव्हतं, आणि इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

“आत येऊन बसता का?” शेजारीण म्हणाली.

“नको,” ताई म्हणाली. “इथेच बरी आहे. येऊ दे त्यांना, चांगली फैलावर घेते.”

असं म्हणून ती गल्लीच्या टोकाकडे बघत चेहरा कडक करायच्या खटपटीला लागली. ते काही केल्या जमेना. नशीब, मास्तरांना यायला आणखी पाऊण तास लागला.